जपानी रणगाड्यांचे छद्मावरण आणि खुणा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानच्या शाही भूसेनेने आणि नौदलाने शत्रूची नजर चुकविण्यासाठी रणगाड्यांवर चढविलेली रंगयोजना आणि तुकडीची ओळख पटावी म्हणून रंगविलेली चिन्हे. १:३५ प्रमाणात प्रतिकृती घडविणाऱ्यांना हा विषय जर्मन रणगाड्यांच्या रंगकामापेक्षा अवघड वाटतो. शरणागतीच्या सुमारास जपानी लष्कराची कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर जाळली गेली, त्यामुळे बराचसा आधार जुन्या छायाचित्रांवर ठेवावा लागतो, आणि ही छायाचित्रे बहुतांशी कृष्णधवल आहेत.

चीनमधील मोहिमांपासून पॅसिफिक युद्धाच्या आरंभापर्यंत प्रचलित असलेली रंगयोजना चार रंगांची होती. मातकट खाकी, गडद हिरवा आणि तपकिरी यांचे मोठे, वेडेवाकडे ठिगळ अंगभर असत आणि त्यांवरून पिवळे पट्टे जात. साधारणतः एक पट्टा लांबीच्या दिशेने आणि दुसरा आडवा असे, आणि दोन्ही बुरुजाच्या (तोफ बसविलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या) आसपास एकमेकांना छेदत. गाड्याची सलग बाह्यरेषा तोडून दुरून पाहणाऱ्याला एका वाहनाऐवजी सुटे तुकडे दिसावेत, हा त्यामागचा हेतू होता. जवळून मात्र हाच पट्टा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, त्यामुळे त्याच्या उपयुक्ततेविषयी शंका घेण्यास जागा आहे. १९४२च्या सुमारास पिवळा पट्टा मागे पडला आणि वाळल्या गवतासारखा खाकी, हिरवा व मातीचा तपकिरी अशी तीन रंगांची योजना रूढ झाली. म्हणूनच रंग निवडण्यापूर्वी प्रतिकृती कोणत्या वर्षीची आणि कोणत्या आघाडीवरची, हे ठरवून घ्यावे लागते. जुन्या गाड्या नव्या योजनेच्या काळातही वापरात असल्याने केवळ वाहनाच्या प्रकारावरून हा निर्णय करता येत नाही. ९७ प्रकारच्या 'ची-हा' रणगाड्याच्या ५७ मिमी. तोफेच्या बुरुजाभोवती असलेली कड्यासारखी अँटेना ४७ मिमी. तोफेच्या नव्या बुरुजावर नाही. तिच्यावरून बुरूज ओळखता येतो, पण रंग ठरत नाही.

छायाचित्रांचा अर्थ लावताना फिल्मचा विचार आवश्यक ठरतो. लाल प्रकाशाला न जुमानणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तपकिरी रंग असतो त्यापेक्षा काळपट उमटतो आणि पिवळाही काहीसा गडद होतो, तर खाकी आणि हिरवा यांच्या करड्या छटा कित्येकदा इतक्या जवळ येतात की ठिगळांची सीमाच हरवते. अशा चित्रात गाडा एकरंगी दिसला, तरी तो एकरंगी होता असे म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष रंगकामात फिकट रंगापासून गडदाकडे जाणे सोयीचे असते, मात्र पिवळ्या रंगाची झाकण्याची शक्ती कमी असल्यामुळे पट्ट्याखाली आधी पांढरट थर द्यावा. १० सेंमी. रुंदीचा पट्टा १:३५ प्रमाणात ३ मिमी.पेक्षा किंचित कमी भरतो. तो हाताने, कडा थोड्या डळमळत्या ठेवून काढल्यास पट्टी लावून काढलेल्या रेघेपेक्षा खरा वाटतो.

खुणांमध्ये भूसेनेचा पाचकोनी तारा सर्वत्र आढळतो. तो बहुधा गाड्याच्या पुढच्या भागावर असे. नौदलाच्या लँडिंग दलांच्या (समुद्रातून किनाऱ्यावर उतरणाऱ्या तुकड्यांच्या) गाड्यांवर नांगर किंवा उगवत्या सूर्याच्या किरणांचा ध्वज दिसतो. याखेरीज बुरुजावर क्रमांक, गाड्याचे नाव किंवा तुकडीचे चिन्ह असे. यांतले सर्वांत परिचित चिन्ह ११व्या टँक रेजिमेंटचे आहे. जपानी लिपीत दहा आणि एक यांची चिन्हे एकाखाली एक लिहिली की 'योद्धा' या अर्थाचे 'शी' हे अक्षर तयार होते, आणि रेजिमेंटने नेमके हेच अक्षर आपल्या बुरुजांवर पांढऱ्या रंगात मिरवले. कुरील बेटांतील शुम्शू येथे १८ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे सम्राटाने शरणागतीची घोषणा केल्यानंतर तीन दिवसांनी, सोव्हिएत सैन्याशी झालेल्या लढाईत या रेजिमेंटचे कमांडर इकेदा सुएओ मारले गेले. पुढे जपानच्या भू-आत्मसंरक्षण दलातील ११व्या टँक तुकडीनेही 'शी'चा वारसा चालविला.

रेजिमेंटगणिक चिन्हे बदलत असल्याने प्रतिकृतीसंचातील सर्व डिकल (चिकटवायच्या छापील खुणा) एकाच गाड्यावर लावणे चुकीचे ठरते. मलाया, तारावा (पॅसिफिकमधील प्रवाळी बेट) आणि मंचुरिया येथील गाड्यांच्या खुणा एकत्र केल्यास प्रत्यक्षात कधीच नसलेला रणगाडा तयार होतो. चिखल आणि धुळीबाबतही तीच काळजी घ्यावी लागते. मलायातील तांबड्या मातीचे डाग प्रवाळी बेटावरच्या गाड्यावर शोभत नाहीत.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात ९५ प्रकारचा 'हा-गो' आणि 'ची-हा' हे दोन्ही रणगाडे पाहता येतात. संग्रहालयांतील वाहने युद्धानंतर पुन्हा रंगविली जातात, त्यामुळे त्यांवरून मूळ छटा ठरवू नये. मात्र रिव्हेटची ठेवण, पत्र्यांचे जोड, पट्टाचाकांची रचना आणि बुरुजाचा उतार यांसाठी ती छायाचित्रांपेक्षा अधिक विश्वसनीय आहेत.