लिनक्सवर डिजिटल कॅमेऱ्याची परवानगी: कोणाला मिळते, काय माहिती लागते, कशी लावायची

कॅमेरा यूएसबीला लावला, नाव पण दिसलं, पण फोटो उतरवायला गेलं की एरर येतो, मग बरेच जण सरळ सुडो (अ‍ॅडमिनच्या, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावून काम उरकतात. तसं करू नका प्लीज, कारण उतरलेल्या सगळ्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि नंतर साधा फोटो एडिट करून सेव्ह करायचा तरी अडतं. परवानगी एकदा नीट लावली की परत बघावं लागत नाही.

पहिले अडचण परवानगीचीच आहे का ते तपासा. जीफोटो२ (कॅमेऱ्यातून फोटो उतरवायचा प्रोग्रॅम) ची ऑटो-डिटेक्ट कमांड चालली म्हणजे परवानगी आहे असं समजू नका, ती नुसतं नाव वाचते, त्याला परवानगी लागत नाही. त्याचीच समरी कमांड चालवा, ती कॅमेऱ्याची माहिती वाचते, एकदा साधी, एकदा सुडोने. फक्त सुडोने चालली तर परवानगीचा प्रश्न. दोन्हीकडे 'डिव्हाइस क्लेम करता आलं नाही' आलं तर बहुतेक फाइल मॅनेजरने कॅमेरा आधीच धरून ठेवलाय, तिथून अनमाउंट करा, बाकी काही करायची गरज नाही.

आता पात्रता. स्वतः मशीनसमोर बसून डेस्कटॉपवर लॉगिन केलेला युजर असेल तर सिस्टिमडी (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) त्याला आपोआप परवानगी देतं, म्हणजे पीटीपी (फोटो पाठवायची कॅमेऱ्यांची ठरलेली पद्धत) वर चालणारा कॅमेरा (यूएसबी क्लास ०६०१०१) बहुतेक वेळा लावला की चालतोच. पण एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने) आत आलेला युजर, किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) रात्री फोटो काढणारी स्क्रिप्ट, यांना हे मिळत नाही कारण ते समोर बसलेले नाहीत, त्यांना ग्रुपमधूनच (युजरांचा गट, ज्याला एकत्र परवानगी देता येते) जावं लागतं. बदल करायला अर्थात सुडोचा अधिकार हवा.

हाताशी काय ठेवायचं तर एलएसयूएसबी (लावलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) चं आउटपुट, त्यात बस नंबर, डिव्हाइस नंबर आणि आयडी मिळतो. आयडीचा पहिला भाग कंपनीचा, कॅनन असेल तर ०४ए९, निकॉन ०४बी०, सोनी ०५४सी. आणि आपण कुठल्या ग्रुपमध्ये आहोत ते ग्रुप्स कमांडने बघून घ्या. डेबियन, उबंटूवर प्लगडेव्ह ग्रुप असतो, तुमच्याकडे नसेल तर कॅमेरा नावाचा सिस्टिम ग्रुप बनवा.

ग्रुपमध्ये नाव घालताना युजरमॉड कमांडला लहान ए आणि मोठा जी दोन्ही द्या. हे खरंच जपून करा, लहान ए राहिला तर बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून नाव जातं, सुडो पण जाऊ शकतो. मग लॉगआउट करून परत लॉगिन, त्याशिवाय नवीन ग्रुप लागू होत नाही.

मग नियम. ईटीसी मधल्या युडेव्हच्या (डिव्हाइस लावलं की त्याच्या परवानग्या ठरवणारी सेवा) रूल्स फोल्डरात फाइल बनवा, नाव ७० ने सुरू करा, कारण युअ‍ॅक्सेस टॅग (समोर बसलेल्या युजरला परवानगी देणारी खूण) ७३ नंबरच्या नियमाच्या आधी लागला तरच उपयोग होतो, ९९ दिलं की नियम वाचला जातो पण टॅगचा परिणाम शून्य. एकाच ओळीत सबसिस्टिम यूएसबी, आयडीव्हेंडर तुमचा नंबर, मोड ०६६० (फक्त मालक आणि ग्रुपला वाचायला-लिहायला), ग्रुप आणि युअ‍ॅक्सेस टॅग. जुळवायच्या गोष्टींना दोन बरोबर चिन्हं, द्यायच्या गोष्टींना एक, टॅगला अधिक-बरोबर, इथेच जास्तीत जास्त लोक चुकतात आणि युडेव्ह दरवेळी ओरडेलच असं नाही. ०६६६ लावा असा सल्ला मिळेल, नको, मशीनवरच्या कुठल्याही युजरला, कुठल्याही प्रोग्रॅमला कॅमेरा उघडा होतो.

युडेव्हअ‍ॅडमने रूल्स रीलोड करा आणि कॅमेरा काढून परत लावा. तपासायला डेव्ह मधल्या बस, यूएसबी फोल्डरात एलएसयूएसबी ने दिलेल्या नंबरची फाइल बघा, ग्रुपचं नाव दिसलं पाहिजे, आणि परवानग्यांच्या शेवटी अधिक चिन्ह असलं तर समोर बसलेल्या युजरची परवानगी पण लागली, गेटएफएसीएल (परवानग्यांची यादी दाखवणारी कमांड) त्यात तुमचं नाव दाखवेल.

वेबकॅमचं हे सगळं नाही, त्याला व्हिडिओ ग्रुप पुरतो. आणि कॅमेरा साध्या पेन ड्राइव्हसारखा दिसत असेल तर नुसता माउंट करा, त्यासाठी डिस्क ग्रुपमध्ये स्वतःला घालू नका, त्याने हार्ड डिस्कवर थेट लिहायचा अधिकार मिळतो.