मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज

कीर्तनाचं नाहीतर व्याख्यानाचं रेकॉर्डिंग ग्रुपवर पडतं. कुणीतरी लिहितं, ‘आजीला कळत नाही हो.’ लगेच एक उत्साही गडी व्हॉल्यूम दुप्पट करून तीच फाईल परत टाकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, हा गडी असतोच.

मोठा आवाज कसा करायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे. बटण वर, विषय संपला.

खरा घोळ कानात आहे. वयामुळं कान सगळ्या सुरांना सारखा मंद होत नाही. आधी वरचे सूर जातात, साधारण २००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सुराची उंची मोजायचं माप) पुढचे. आ, ओ, ऊ यांचा बराचसा जोर खालच्या सुरांत असतो. स, श, त, ठ ओळखू येतात ते मुख्यतः वरच्या सुरांवरून. म्हणून कुणीतरी बोलतंय हे आजीला ऐकू येतं, पण ‘सात’ की ‘साठ’ हे कळत नाही. व्हॉल्यूम वाढवला की आधीच पोचलेला ‘आ’ कानठळ्या बसवतो, ‘त’ मात्र तरीही नीट पोचत नाही. ‘जरा मोठ्यानं बोल की’ म्हणणारी आजी पुढच्याच वाक्याला ‘ओरडतोस कशाला रे’ म्हणते, तो तिचा हेकटपणा नव्हे. आतला कान बिघडला की मोठा आवाज चटकन असह्य होतो.

स्पष्टपणा रेकॉर्डिंग करतानाच मिळवायचा. माइक वक्त्याच्या तोंडापासून वीतभर. मंडपातल्या भोंग्यासमोर मोबाईल धरलात तर घुमारा शब्दांत मिसळतो, आणि तो मागाहून धड निघत नाही. साध्या फोन कॉलवरून घेतलेली मुलाखतही नको. त्यात बरेचदा ३४०० हर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं कापलेलं असतं, ‘स’चा जीव तिथंच जातो. नंतर इक्वलायझरवर (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) १०० हर्ट्झच्या खालची घरघर काढा, २००० ते ४००० किंचित उचला. आणि बोलण्याखाली बासरी लावणाऱ्यांनी ती कृपया घरी वाजवावी.

ज्यांना अजिबात ऐकू येत नाही त्यांना यातलं काहीच उपयोगाचं नाही, त्यांना लेखी मजकूरच द्या. आपल्याकडचा वक्ता मध्येच कन्नडवर जातो. मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना कन्नड समजतं, वाचता येत नाही. ती वाक्यं देवनागरीत उतरवा. ‘इथे कन्नडमध्ये बोलले’ असं लिहून मोकळं होऊ नका.