डिस्चार्ज बुकात पदकाची नोंद राहिली असेल तर: माजी सैनिकांनी आणि कुटुंबीयांनी अर्ज कसा करावा

आमच्या नात्यातल्या एका आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत, जुन्या मफलरात गुंडाळलेले एक पदक सापडले. संग्राम मेडल. १९७१ च्या युद्धाच्या काळात ते सेवेत होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. पदक उजेडात तिरपे धरले तर कडेवर बारीक अक्षरांत त्यांचा आर्मी नंबर आणि नाव कोरलेले दिसत होते. डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक, काढले, तर मेडलच्या रकान्यात त्याचा उल्लेखच नव्हता. पदक हातात, पण कागदावर नाही. अशी घरे गावोगावी आहेत. ही नोंद करून घेता येते. त्यासाठी नक्की काय करायचे, ते पुढे सांगतो.

सर्वांत आधी एक फरक समजून घ्यावा, कारण बहुतेक अर्ज इथेच चुकतात. नोंद दुरुस्त करणे म्हणजे आधीच मंजूर झालेले, किंवा नियमाने मिळायलाच हवे असलेले पदक कागदावर आणणे. ‘त्या लढाईत मी पराक्रम केला होता, मला वीर चक्र मिळायला हवे होते’ ही मागणी जवानांच्या सेवेची कागदपत्रे सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या अखत्यारीत येत नाही. शौर्य पदकाची शिफारस त्या वेळी युनिटकडून वरपर्यंत जावी लागते आणि मंजुरी राष्ट्रपतींची असते. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात लिहिल्या, तर जी नोंद सहज झाली असती तीही अडकते.

पदकांचे सरळ दोन गट धरा. पहिला शौर्य पदकांचा: परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र, सेना मेडल. यांची घोषणा भारताच्या राजपत्रात होते, त्यामुळे राजपत्राचा क्रमांक आणि तारीख हाच सर्वांत भक्कम पुरावा. जुन्या कागदांत ‘अशोक चक्र, वर्ग दोन’ किंवा ‘वर्ग तीन’ असे लिहिलेले आढळले तर गोंधळू नका. १९६७ मध्ये वर्ग दोनचे नाव कीर्ती चक्र आणि वर्ग तीनचे शौर्य चक्र झाले. सेना मेडलच्या बाबतीत मात्र नोंद नीट वाचा. ते शौर्यासाठीही मिळते आणि विशिष्ट सेवेसाठीही, आणि मासिक भत्ता फक्त शौर्याच्या मेडलला आहे. नुसते ‘सेना मेडल’ लिहिले असेल तर ते कशासाठी मिळाले, हे नोंदीत स्पष्ट करून घ्या.

दुसरा गट मोहीम आणि सेवा पदकांचा, आणि खरी गळती इथे होते. १९६५ चे समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. कारगिलचे ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. ऑपरेशन पराक्रम मेडल, सियाचिन ग्लेशियर मेडल, हाय अल्टिट्यूड मेडल, सैन्य सेवा मेडल. शिवाय ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची मेडल्स आणि स्वातंत्र्याच्या २५व्या व ५०व्या वर्धापनदिनाची मेडल्स. ही पदके ठरावीक काळात, ठरावीक भागात किंवा ठरावीक वर्षे सेवा केलेल्या प्रत्येकाला मिळतात. सैन्य सेवा मेडलला भागानुसार क्लॅस्प, म्हणजे रिबनवर बसवायची भागाच्या नावाची पट्टी, असते. कित्येकांच्या बुकात मेडल लिहिलेले असते आणि क्लॅस्प राहून गेलेले असते. तेही तपासा.

नोंद राहते कशी? पदकाचा हक्क युनिट ठरवते, ‘पार्ट टू ऑर्डर’ (जवानाच्या सेवेतील बदल नोंदवणारा आदेश) काढते, आणि ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला पोचली की जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे सेवा नोंदपत्रकावर, चढते. डिस्चार्ज बुक त्यावरूनच भरले जाते. मधेच बदली झाली, दुसऱ्या युनिटशी अटॅचमेंट असताना मोहीम झाली, राष्ट्रीय रायफल्समध्ये डेप्युटेशन होते, किंवा पेन्शनला निघताना ऑर्डर अजून वाटेत होती, तर धागा तुटतो. नायब सुभेदार, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर (जेसीओ), झाल्यावर जवानाचा नंबर बदलतो, तिथेही जुन्या नंबरावरची ऑर्डर नव्या नंबराला जोडायची राहू शकते. म्हणून अर्जात जुना आणि नवा, दोन्ही नंबर लिहा, नंबरामागच्या अक्षरासकट.

अर्ज कोणी करावा? माजी सैनिक हयात असतील तर त्यांनी स्वतः, स्वतःच्या सहीने. ते हयात नसतील तर पत्नीने. पत्नीही नसेल तर मुलामुलींनी, वारस असल्याचा पुरावा जोडून. वडील हयात असताना मुलाने स्वतःच्या नावाने पाठवलेल्या अर्जावर काम होईल अशी अपेक्षा धरू नका. वडिलांना लिहिता येत नसेल तर अर्ज तुम्ही लिहा, सही किंवा अंगठा त्यांचाच असू द्या.

अर्ज त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे इंजिनीअर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनीअर्स) आणि ऑर्डनन्सचे सिकंदराबादला. नौदलाच्या खलाशांची कागदपत्रे मुंबईत मानखुर्दला, तर हवाई दलाच्या जवानांची दिल्लीत सुब्रतो पार्कला आहेत. सेनेतील अधिकाऱ्यांचे काम दिल्लीच्या सेना मुख्यालयातून, अॅडज्युटंट जनरल शाखेतून चालते. सेवेत कोअर बदलली असेल, तर ज्या कोअरमधून निवृत्ती झाली तिच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचे आणि आधीच्या कोअरमधला काळ अर्जात स्वतंत्र ओळीत द्यायचा.

आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवणे चांगले. तिथे कागद साक्षांकित होतात, जावक क्रमांक मिळतो, आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार हिंदीत किंवा इंग्रजीत करायला मदत होते. थेट पाठवायचा असेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती डिस्चार्ज बुकातच ठेवा. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ती लागते.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांच्या प्रती लावा, कोऱ्या वाटणाऱ्या पानांच्यासुद्धा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र आणि आधारची प्रत. पदक जवळ असेल तर पुढून, मागून आणि कडेवरून असे तीन फोटो. कडेवरचे नाव-नंबर वाचता आले पाहिजे. शौर्य पदक असेल तर राजपत्राची प्रत किंवा सनद. पत्नीचा अर्ज असेल तर मृत्यूचा दाखला आणि फॅमिली पेन्शनचा पीपीओ. मुलांचा असेल तर दोघांचे मृत्यूचे दाखले आणि वारसाचा कागद.

पदक कधी मिळालेच नसेल, तर पुरावा वेगळा लागतो. त्या काळातले युनिट, ठिकाण आणि तारखा हे तीन मुद्दे सिद्ध करायचे असतात. जुना मूव्हमेंट ऑर्डर, युनिटचे प्रमाणपत्र, त्या पत्त्यावरची पत्रे, रुग्णालयाचा कागद, यातले जे असेल ते लावा. सर्वांत कामाला येते ते त्याच कंपनीतल्या सोबत्याचे डिस्चार्ज बुक, ज्यात ते पदक नोंदलेले आहे. त्यांच्या परवानगीने प्रत घ्या. गणवेशावरच्या रिबनचा फोटोही जोडा, पण तेवढ्यावर नोंद होईल असे समजू नका.

अर्ज एका पानाचा पुरे. पाल्हाळ नको. मजकूर साधारण असा असावा:

‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक युनिटमध्ये, अमुक ठिकाणी सेवेत होतो. या सेवेबद्दलच्या संग्राम मेडलची नोंद माझ्या डिस्चार्ज बुकात नाही. कृपया शीट रोल आणि पार्ट टू ऑर्डर पाहून नोंद करावी. ऑर्डर निघाली नसल्यास हक्क तपासून ती काढावी. पदक देय असून दिले गेले नसल्यास ते मिळावे.’

या तीन वेगवेगळ्या मागण्या आहेत आणि तिन्ही लिहिणे गरजेचे आहे. नुसते ‘मेडल मिळावे’ लिहिले तर ‘मेडल दिलेले आहे’ एवढेच उत्तर येऊ शकते, आणि बुक आहे तसेच राहते. नावाच्या स्पेलिंगची किंवा जन्मतारखेची दुरुस्ती याच अर्जात घालू नका. तिची प्रक्रिया निराळी आहे.

मूळ डिस्चार्ज बुक पहिल्या अर्जासोबत पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे. नोंद मंजूर झाल्यावर ते मागवतात, तेव्हा सर्व पाने स्कॅन करून मग पाठवा. जवळ असेल तर स्वतः घेऊन जा.

उत्तर आलेच नाही तर दोन महिन्यांनी स्मरणपत्र द्या. त्यानंतर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचे ते नेमके मागा: ‘माझ्या शीट रोलमधील पदकांच्या नोंदींची प्रत’ आणि ‘त्यासंबंधीच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत’. ‘नोंद का केली नाही’ असा प्रश्न विचारण्यापेक्षा कागदाची प्रत मागितलेली बरी. प्रत हातात आली की कारण आपोआप दिसते. पेन्शन नसलेल्या जवानांची सेवा कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात, पण लाँग रोलमध्ये, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या कायमच्या नोंदवहीत, मूळ नोंदी राहतात. म्हणून ‘कागद नष्ट झाले’ असे उत्तर आले तर लाँग रोलमधील नोंदीची प्रत मागा.

केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर माजी सैनिक कल्याण विभागाकडे तक्रार करता येते. तिथेही नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथे जायचे असते. तुमच्या अर्जाला सहा महिने उत्तरच आले नाही, तर पुढचे सहा महिने मिळतात. पोस्टाची ती पावती इथे उपयोगी पडते.

शौर्य पदकाची नोंद राहिली असेल तर पैशाचेही नुकसान होते. ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला महिना २०,००० रुपये, अशोक चक्राला १२,०००, महावीर चक्राला १०,०००, कीर्ती चक्राला ९,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,००० आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० रुपये असा भत्ता ठरला. पदकविजेत्यानंतर तो पत्नीला मिळतो. बुकातली नोंद झाली म्हणजे भत्ता सुरू झाला असे नव्हे. रेकॉर्ड ऑफिसकडून सुधारित पीपीओ निघून पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत पदक दिसले पाहिजे. राज्य शासनाचे रोख अनुदान वेगळे असते. त्याचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच द्यायचा.

पदक हरवले असेल तर बदली पदकासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. पण आधी नोंद पक्की करून घ्या. कागदावर नसलेल्या पदकाची बदली कोणी देणार नाही.

बुक परत आले की त्या रकान्यावर बोट ठेवून वाचा. पदकाचे पूर्ण नाव, असल्यास क्लॅस्प, पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख, रेकॉर्ड अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. यातले एक जरी नसेल तरी त्याच आठवड्यात परत पाठवा. आमच्या आजोबांचे बुक पहिल्यांदा आले तेव्हा ऑर्डरची तारीख कोरी होती. पुन्हा पाठवले, आणि दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि बुक पदकाशेजारी मफलरात ठेवून दिले.