चोर कुलपाशी भांडत नाही

‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून...’ सोलापूरच्या पेपरात घरफोडीची बातमी बहुतेक वेळा अशीच सुरू होते. पेठ बदलते, तोळे बदलतात, कोयंडा तोच. बातमी वाचून आपण मात्र आणखी जाडजूड कुलूप घेऊन येतो. कुलूप तुटलं असं बातमीत म्हटलंय कुठं?

कोयंडा लोखंडी असला तरी त्याला धरून ठेवतं लाकूड. हल्ली तो इंचभराच्या चार स्क्रूंवर बसवतात. आता शाळेतली तरफ आठवा. कटावणी दोन फुटांची, टेकू टोकापासून दोन इंचांवर. म्हणजे हाताकडं बावीस इंच, टोकाकडं दोन, जोर अकरापट. चोरानं 30 किलोचा रेटा दिला तर स्क्रूवर ढोबळमानानं 330 किलोंची ओढ. तीही चौघांवर वाटून नाही, आधी जवळच्या स्क्रूवर, तो निघाला की पुढच्यावर. त्यात आपला उन्हाळा 40 अंशांच्या वर. लाकूड सुकून आकसतं, पावसाळ्यात फुगतं आणि स्क्रूची पकड सैल होत जाते.

जुन्या दारांच्या कडीचे पाय फळीतून आरपार नेऊन मागं वळवलेले असत. ते उपसायचे तर लोखंड सरळ करा, नाहीतर फळी फाडा. रिकामी कडी वाजवली की घरात भांडणं होतात, असं आजी म्हणायची. भांडणांशी कडीचा काही संबंध नाही, पण सतत आपटून भोक मोठं होतं, हे खरं.

माझा खरा जीव अडसरावर, म्हणजे दारामागं आडवा सरकवायच्या लाकडी दांड्यावर. बाळीवेशीकडच्या एका वाड्यात तो भिंतीतल्या भोकातून सरकताना पाहिला आणि घरी येऊन कागदावर गणित मांडलं. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईचं बळ रुंदी गुणिले जाडीचा वर्ग या प्रमाणात वाढतं. जाडी म्हणजे रेट्याच्या दिशेतलं माप. 3 बाय 4 इंचांचा अडसर घ्या. 4 इंचांची बाजू रेट्याच्या दिशेनं ठेवली तर 3 × 16 = 48, आडवा पाडला तर 4 × 9 = 36. लाकूड तेच, नुसतं फिरवून तिसरा हिस्सा जास्त बळ! जाडी निम्मी केली तर बळ चौथाईवर येतं. चांगल्या सागाचा असा अडसर चार फुटांच्या अंतरात मधोमध दोन टनांचा रेटा सहज झेलेल. शिवाय सगळा भार भिंतीवर, खिळ्या-स्क्रूचा प्रश्नच नाही. बोटाच्या ठशावर उघडणारी महागडी कुलपं विकणारे त्यांच्या स्क्रूंबद्दल काही बोलतात का, बघा.

अडचण एकच, अडसर आतून लागतो. गड्ड्याच्या जत्रेला सगळं घर गेलं की दाराला उरतो तो कोयंडाच. मी माझ्या कोयंड्याला आरपार बोल्ट घालून घेतले, आतून लोखंडी पट्टी आणि नट. सुतार म्हणाला, “दार वाईट दिसेल हो.” दिसतंय खरं.