बाल न्याय (पदवीचा मायनर विषय)

बाल न्याय : पदवीच्या मुख्य विषयाला जोडून घ्यायचा दुय्यम विषय. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला किंवा ते निराधार, पीडित अवस्थेत सापडले, तर पोलीस, मंडळ, समिती आणि घरच्यांनी काय करायचे, याचा अभ्यास यात होतो. अमेरिकेतील महाविद्यालयांत तो रुळलेला आहे. पहिले बाल न्यायालयही तिथेच, शिकागोत 1899 मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात मेजर-मायनर रचना नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आली. 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाप्रमाणे मायनरला 18 ते 20 श्रेयांक (क्रेडिट) असतात. वर्गातील 15 तासांना किंवा प्रात्यक्षिकाच्या 30 तासांना एक श्रेयांक.

साताऱ्यातल्या एखाद्या महाविद्यालयात हा विषय मिळेल का, हे विद्यापीठाने मंजूर केलेल्या विषययादीवर ठरते. यादीत नसेल तर समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र मायनर घ्यावे आणि क्षेत्रप्रकल्प बाल न्यायावर करावा. प्रवेशाआधीच विभागप्रमुखांना विचारलेले बरे. दुसऱ्या वर्षात मायनर बदलायला गेले की श्रेयांक अडकतात. शहरात इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय आणि जवळच जकातवाडीला यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क आहे. कायदा आणि समाजकार्य या विषयाच्या दोन्ही बाजू त्यामुळे हाकेच्या अंतरावर आहेत.

अभ्यासाचा कणा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015. तो 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. विधिसंघर्षग्रस्त बालकाचे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचे, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते : एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक महिला. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल बाल कल्याण समितीपुढे येते. पकडलेल्या मुलाला 24 तासांत मंडळापुढे हजर करायचे, कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही, हा पाया. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, मंडळ फार तर दोन महिने वाढ देऊ शकते. सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर खटला प्रौढाप्रमाणे चालवायचा का हे ठरवण्यासाठी कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन होते. ते मुलाच्या क्षमतेचे आणि परिस्थितीचे असते, दोषाचे नाही. उत्तरपत्रिकांत सर्वाधिक गफलत इथेच दिसते.

त्यामुळे वयाला फार महत्त्व येते. कलम 94 चा क्रम पक्का : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. तिच्यात साधारण दोन वर्षे इकडेतिकडे होतात. पण शाळेच्या दाखल्यावरही गावाकडे ‘1 जून’ ही तारीख सर्रास दिसते, कारण नाव घालताना गुरुजींनी ती टाकलेली असते. ऊसतोड मजुरांच्या मुलांचा जन्म हंगामात फडावर झाला असेल तर नोंद गावातही नसते आणि कारखान्याच्या गावातही नसते. गुन्ह्याच्या दिवशी मूल सोळा पूर्ण होते की नाही, हा प्रश्न अशा एका कागदावर येऊन ठेपतो. म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरचा (प्रवेश-नोंदवहीचा) उतारा वाचायला शिकवल्याशिवाय हा विषय शिकवला असे म्हणता येत नाही.

दुसरे कौशल्य सामाजिक तपास अहवालाचे. परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरची परिस्थिती तपासणारा अधिकारी) तो 15 दिवसांत मंडळाला देतो; विद्यार्थ्यांनी काल्पनिक प्रकरणावर तो लिहून पाहावा. ‘घरची परिस्थिती बिकट, संगत वाईट’ एवढ्यावरून मंडळाला काहीच ठरवता येत नाही. ‘आई पहाटे पाचला कामावर जाते, संध्याकाळी सातला परतते, मधे मुलाकडे बघणारे कोणी नाही, चुलते त्याच गल्लीत राहतात, ताबा घ्यायला तयार आहेत’ असे लिहिले, तर मूल निरीक्षणगृहात ठेवायचे की चुलत्यांकडे सोपवायचे, याला आधार मिळतो. प्रत्येक विधानापुढे ते कोणी सांगितले हे लिहावे. शेजाऱ्याचे ऐकीव बोल अहवालात तथ्य म्हणून घुसले की त्याची किंमत मूल मोजते.

क्षेत्रभेटीसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि संबंधित संस्था यांची लेखी परवानगी सत्राच्या सुरुवातीलाच मागावी. मंडळाची बैठक कोणीही जाऊन बसावे अशी नसते. मुलांच्या मुलाखती पदवीच्या पातळीवर घेऊच नयेत. अधिकारी, समुपदेशक, अधीक्षक यांच्याशी बोलून भरपूर कळते. कलम 74 प्रमाणे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नाव गाळले की झाले, असे विद्यार्थ्यांना वाटते. पण ‘कोरेगाव तालुक्यातील अमुक वाडीचा, वडील ट्रॅक्टरचालक, नववीतून शाळा सोडलेला’ एवढ्यावर ती वाडी मुलाला ओळखते. वाडी, शाळा, व्यवसाय, तारीख हे सगळे बदलावे किंवा काढावे, आणि अहवाल वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये.

या मायनरवर वकिली करता येत नाही. बाल संरक्षण कक्षातली पदे बहुधा कंत्राटी असतात आणि समाजकार्याची किंवा तत्सम पदवी मागतात, म्हणून पुढे एम.एस.डब्ल्यू. किंवा एल.एल.बी. करावे. मंडळाचे सामाजिक सदस्य व्हायला मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव लागतो, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र वा कायद्याची पदवी घेतलेला व्यावसायिक असावे लागते.