नव्या क्रेडिट कार्डाच्या अर्जासोबत बॅलन्स ट्रान्सफरची मागणी: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर साचलेली थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर, ठरावीक मुदतीसाठी कमी व्याजाने वळती करून घेण्याच्या सोयीला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. काही बँका नव्या कार्डाच्या अर्जातच ही मागणी नोंदवून घेतात, तर काही बँका कार्ड हाती येऊन सुरू झाल्यावरच ती स्वीकारतात. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. कार्ड मंजूर होणे आणि ट्रान्सफर मंजूर होणे हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. कार्ड मिळाले तरी मागितलेल्या रकमेपेक्षा कमी रक्कम वळती होऊ शकते, कारण नव्या कार्डाच्या खर्चमर्यादेचा काही भागच बँक यासाठी देते.

थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावरची असावी लागते. त्याच बँकेच्या दोन कार्डांमध्ये ही सोय मिळत नाही. आधीची बिले वेळेवर भरलेली असणे महत्त्वाचे असते. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल (कर्जे आणि कार्डाची बिले कशी फेडली याची नोंद) विनामूल्य मिळतो. तो अर्जाआधी पाहावा, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी त्यात नोंदली जाते आणि एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज करणारा माणूस पैशांच्या अडचणीत असल्यासारखा दिसतो.

कागदपत्रांत पॅन, आधार किंवा पत्त्याचा अन्य पुरावा आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. नोकरदारांना अलीकडच्या वेतनपावत्या किंवा फॉर्म १६, तर व्यावसायिकांना प्राप्तिकर विवरणपत्र व बँक खात्याचा उतारा द्यावा लागतो. ट्रान्सफरसाठी याशिवाय जुन्या कार्डाचे ताजे बिल आणि पूर्ण कार्ड क्रमांक लागतो. खानदेशात खरी अडचण दोन ठिकाणी येते. पहिली पत्त्याची: आधारवर अमळनेर किंवा शिरपूरकडचे गाव आणि राहणे नोकरीनिमित्त सुरत वा पुण्यात, असे असल्यास सध्याच्या पत्त्याचा वेगळा पुरावा जोडावा. अक्कलकुवा, धडगावसारख्या तालुक्यांतल्या कर्मचाऱ्यांनी आपला पिनकोड त्या बँकेच्या सेवाक्षेत्रात आहे का, हेही आधी पाहावे. दुसरी अडचण उत्पन्नाची आहे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्याने रावेर-यावलच्या अनेक केळी उत्पादकांकडे विवरणपत्र नसते, आणि केवळ सातबारा दाखवून क्रेडिट कार्ड मिळणे अवघड जाते. मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा त्यांच्यासाठी मार्ग आहे. मात्र त्यावर ट्रान्सफर मिळते की नाही, हे त्या बँकेलाच विचारावे लागेल.

मागणी करण्यापूर्वी हिशेब मांडावा. उदाहरणादाखल, ६०,००० रुपयांच्या थकबाकीवर दरमहा ३.५ टक्के दराने २,१०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७८ रुपये, म्हणजे महिन्याला २,४७८ रुपये जातात. हीच रक्कम २ टक्के प्रक्रिया शुल्काने सहा महिन्यांसाठी बिनव्याजी वळती झाली, तर १,२०० रुपये शुल्क आणि २१६ रुपये जीएसटी असा एकूण १,४१६ रुपये खर्च येतो. अट एवढीच की, त्या मुदतीत दरमहा १०,००० रुपये फेडण्याची तयारी हवी. मुदत संपल्यावर उरलेल्या रकमेला नेहमीचा दर लागतो, आणि तेव्हा हा सगळा खटाटोप फारसा कामाचा राहत नाही. नव्या कार्डावर थकबाकी असेपर्यंत त्यावरच्या ताज्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळेलच असेही नाही. ही अट शुल्कपत्रकात वाचावी आणि शक्यतो त्या काळात त्या कार्डावर खरेदी टाळावी.

मंजुरीनंतर नवी बँक रक्कम एनईएफटीने किंवा धनाकर्षाने (डीडी) थेट जुन्या कार्डाच्या खात्यात भरते. ती तिथे जमा झाल्याची खात्री होईपर्यंत जुन्या बिलाची किमान देय रक्कम भरत राहणे ही अर्जदाराचीच जबाबदारी असते. शिवाय बिलाच्या तारखेपासून रक्कम जमा होईपर्यंतचे व्याज पुढच्या बिलात येते, ते वेगळे भरावे लागते. या कामासाठी जुन्या कार्डाचा सीव्हीव्ही (कार्डावरचा गुप्त सुरक्षा क्रमांक) किंवा ओटीपी लागत नाही, त्यामुळे तो मागणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे. शहरांत दुकानाच्या मशीनवर कार्ड स्वाइप करून, टक्केवारी कापून ‘बिल फिरवून’ देणारे लोक भेटतात. तो प्रकार बॅलन्स ट्रान्सफर नव्हे, आणि त्यात व्याजाचा दर कमीही होत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डांविषयीच्या निर्देशांनुसार कार्डाचा अर्ज फेटाळल्यास बँकेने त्याचे कारण लेखी कळवावयाचे असते. जुने कार्ड बंद करायचे असेल, तर सर्व देणी चुकती केल्यावर तसा अर्ज द्यावा. याच निर्देशांत त्यासाठी सात कामकाजी दिवसांची मुदत असून, विलंब झाल्यास बँकेने ग्राहकाला दररोज ५०० रुपये द्यावेत, अशी तरतूद आहे.