खान्देशात छोट्या फॅमिली एसयूव्हीची पिढीवार पारख

एकाच नावाची छोटी एसयूव्ही कंपनी दर दोन-चार वर्षांनी बदलते, कधी नुसता तोंडावळा, कधी इंजिन, कधी जवळपास सगळंच, आणि मग जुनी घ्यावी, मधली घ्यावी का नवी घ्यावी हे घरच्या गरजेप्रमाणे तपासून बघणं म्हणजे पिढीवार पारख. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हे काम बारमाही चालू असतं कारण एकाच बजेटमध्ये शोरूममधलं नवं बेस मॉडेल, दोन-तीन वर्षं वापरलेलं टॉप मॉडेल आणि वर थोडे पैसे उरवणारी सात-आठ वर्षांची डिझेल अशा तिन्ही गाड्या समोर उभ्या असतात. दारात गाडी आली की पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती देते भाऊ" हाच, आणि अहिराणीत "कशी शे गाडी?" विचारणाऱ्यालाही बहुतेक तेच ऐकायचं असतं. प्रश्न बरोबर आहे पण तेवढ्याने भागत नाही, कारण २०१६ च्या गाडीचं उत्तर त्याच नावाच्या २०२२ च्या गाडीला लागू पडत नाही. कंपनी जिथून नवी पिढी मोजते ती रेघ आणि वापरणाऱ्याला खरा फरक जाणवतो ती रेघ पुष्कळदा वेगवेगळ्या जागी असतात, आणि ही दुसरी रेघ शोधून काढणं हेच या पारखीचं मुख्य काम.

चार मीटरचं गणित

या गाड्या चार मीटरच्या आतच का थांबतात याचं कारण टॅक्स. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांची एक्साइज (उत्पादन शुल्क) कमी केली तेव्हा लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत अशी अट घातली, पुढे जीएसटीतही तीच चौकट राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या चौकटीतल्या गाड्यांना १८ टक्के आणि बाहेरच्यांना ४० टक्के जीएसटी आहे. लांबी चार मीटरच्या आत असली म्हणजे टॅक्स कमी असं लोक धरून चालतात, ते चूक आहे, इंजिनाची अट पण पाळावी लागते. मारुतीच्या ब्रेझाचं डिझेल १२४८ सीसी होतं म्हणून ती गाडी छोट्या गाडीत मोजली जायची, नंतर १४६२ सीसीचं पेट्रोल आलं आणि लांबी इंचभर न वाढता गाडी वरच्या टॅक्समध्ये गेली. टाटाच्या नेक्सॉनचं पेट्रोल ११९९ आणि डिझेल १४९७ सीसी, दोन्ही आत बसतात. दोन गाड्यांच्या किमती शेजारी ठेवताना हा फरक माहीत पाहिजे, नाहीतर कोणती कंपनी किती मार्जिन घेते याबद्दल उगाच वाद होतात.

ब्रेझा: नाव, चेहरा आणि इंजिन

खान्देशात पिढीवार फरक समजावून सांगायला ब्रेझाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. मारुतीने २०१२ च्या ऑटो एक्स्पोत एक्सए अल्फा नावाची कन्सेप्ट दाखवली आणि मार्च २०१६ मध्ये विटारा ब्रेझा बाजारात आणली, एकच इंजिन, १.३ लिटर डिझेल, ९० पीएस (ताकद) आणि २०० न्यूटन मीटर (ओढ), पाच गिअर. इंजिन मूळ फियाटचं, स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसलेलं, त्यामुळे चोपडा, शिरपूर, शहाद्याच्या साध्या गॅरेजमध्येही त्याची नस माहीत असलेला मिस्त्री सापडतो आणि पार्ट मिळतात. गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या एआरएआय संस्थेचा आकडा लिटरला २४.३ किलोमीटर, टाकी ४८ लिटरची, रस्त्यावर आकड्यापेक्षा कमी मिळालं तरी नीट चालवणाऱ्याला एका टाकीत जळगावहून पुणे गाठून परत यायची सोय. पूर्ण ओढ १७५० आरपीएमला मिळते, त्याच्या खाली गाडी जड वाटते, गावातल्या गल्लीत दुसऱ्या गिअरवर रेंगाळली की पुन्हा पहिला टाकावा लागतो, आणि ही खोड जुनी डिझेल घेणाऱ्याने स्वतः चालवूनच बघावी. मे २०१८ मध्ये ऑटो गिअर शिफ्टवाली (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, पण गिअर आपोआप बदलणारा) आली आणि त्याच वेळी दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळ्या व्हेरियंटला मिळाले. म्हणून सेकंडहँड बाजारात २०१६-१७ चं खालचं मॉडेल आणि २०१८ च्या मध्यानंतरचं खालचं मॉडेल एका भावात घेऊ नये, दिसायला दोन्ही सारख्याच दिसतील.

मग फेब्रुवारी २०२० आला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, लागू होणार होते, मारुतीने डिझेल बंदच केलं आणि विटारा ब्रेझात १.५ लिटरचं पेट्रोल बसवलं, १०५ पीएस आणि १३८ न्यूटन मीटर. कागदावर याचं नाव फेसलिफ्ट, म्हणजे नुसता तोंडावळा बदललेली तीच गाडी. पण आकडे नीट वाचले तर पीएस वाढले आणि ओढ २०० वरून १३८ वर आली, ती पण ४४०० आरपीएमला, मॅन्युअलचा एआरएआय आकडा २४.३ वरून १७.०३ वर आला, टॅक्सचा गट बदलला. बदल्यात गाडी शांत झाली, व्हायब्रेशन गेलं, गावात चालवायला हलकी झाली, आणि चार गिअरचं खरं ऑटोमॅटिक मिळालं. हायवेला रोज शंभर किलोमीटर चालणाऱ्या माणसासाठी आणि तालुक्याच्या गावात शाळा-बाजार करणाऱ्या घरासाठी या दोन पूर्ण वेगळ्या गाड्या आहेत, म्हणून इथल्या वापराच्या हिशोबाने ब्रेझाची खरी दुसरी पिढी २०२० ला सुरू झाली असं म्हणणं जास्त बरोबर आहे.

कंपनीची दुसरी पिढी ३० जून २०२२ ला आली, नावातलं विटारा गेलं, नुसतं ब्रेझा राहिलं. बाहेरून सगळं नवं, पण टेप लावला तर लांबी ३९९५, रुंदी १७९०, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५०० मिलिमीटर, डिक्की ३२८ लिटर, सगळं जुनंच, फक्त उंची १६४० वरून १६८५ झाली. प्लॅटफॉर्म म्हणजे खालचा सांगाडाही आधीचाच. इंजिन तेच १४६२ सीसी पण सुधारलेलं, १०३ पीएस आणि १३७ न्यूटन मीटर, ऑटोमॅटिक मात्र चारऐवजी सहा गिअरचं झालं आणि हा बदल मोठा आहे, हायवेला इंजिन ओरडत नाही आणि एआरएआय आकडा १९.८० पर्यंत गेला. ऑटोमॅटिकच घ्यायची असेल तर २०२०-२२ ची जुनी चार गिअरवाली स्वस्त मिळतेय म्हणून घेण्यात फारसा अर्थ नाही. मॅन्युअल घेणाऱ्याला मात्र तीच मधली गाडी चांगला सौदा ठरू शकते. मार्च २०२३ मध्ये सीएनजी आली, ८८ पीएस, किलोला २५.५१ किलोमीटर, पण डिक्कीत सिलिंडर बसतो, म्हणजे लग्नाला निघालेल्या पाच माणसांच्या बॅगा कुठे ठेवायच्या हे आधी ठरवून मगच बुकिंग करायचं.

ऊन आणि मागची सीट

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी दोनला उन्हात उभी राहिलेली गाडी उघडली की मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या माणसांचे आणि लहान पोरांचे हाल होतात, हे गाडीच्या रिव्ह्यूमध्ये एका ओळीत उरकतात पण इथे ती मुख्य परीक्षा असायला पाहिजे. पहिल्या विटारा ब्रेझाला मागे एसीचे व्हेंट नव्हते, २०२० च्या फेसलिफ्टलाही दिले नाहीत, ते आले २०२२ च्या गाडीत. महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० ची हीच गोष्ट, गाडी बाकी एवढी चांगली असून मागे व्हेंट नाहीत, ते मिळाले २०२४ ला हीच गाडी थ्रीएक्सओ या नव्या नावाने आली तेव्हा. नेक्सॉनला मात्र २०१७ च्या पहिल्या गाडीपासून वरच्या व्हेरियंटला मागच्या व्हेंटची सोय आहे. आई-वडील मागे बसणार असतील तर बाकी दहा फीचर सोडून या एका गोष्टीवर पिढी ठरवली तरी चालेल. सनरूफ लहान पोरांना आवडतो हे खरं, पण खान्देशात वर्षातले कितीतरी महिने त्याचा पडदा बंदच राहतो, त्यासाठी वरचं व्हेरियंट घेऊ नये, तेच पैसे एअरबॅग आणि चांगल्या हेडलाइटवर घालावेत. हेडलाइटचं महत्त्व इथे जास्त आहे कारण रात्रीच्या रस्त्यावर मागे रिफ्लेक्टर नसलेली कापसाची ट्रॉली किंवा केळीचा ट्रॅक्टर कधी समोर येईल सांगता येत नाही.

नेक्सॉन आणि थ्रीएक्सओ

टाटाची नेक्सॉन सप्टेंबर २०१७ मध्ये आली, पुण्याजवळच्या रांजणगावला बनते. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही, दोन्हीला सहा गिअर, डिझेलला २६० न्यूटन मीटर. इथे नाव एकच राहिलं आणि गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली, जानेवारी २०२० ला बीएस-६ सोबत पहिला मोठा फेसलिफ्ट, सप्टेंबर २०२३ ला दुसरा, तो इतका मोठा की आतला डॅशबोर्ड ओळखू येत नाही, आणि तेव्हापासून सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला. सप्टेंबर २०२४ च्या सीएनजीला टर्बो इंजिन आहे आणि दोन छोटे सिलिंडर खाली बसवल्यामुळे ३२१ लिटरची डिक्की शिल्लक राहते, ब्रेझाच्या सीएनजीपेक्षा ही मोठी सोय. बीएस-६ नंतरही डिझेल चालू ठेवलं म्हणून ज्यांना जुन्या ब्रेझाची ओढ हवी होती त्यांना नव्या गाडीत हा एक पर्याय राहिला.

एक्सयूव्ही ३०० फेब्रुवारी २०१९ ची, शेजारच्या नाशिकला बनलेली, कोरियाच्या सँगयाँग टिवोलीवर आधारलेली. व्हीलबेस २६०० मिलिमीटर म्हणजे मागे पाय ठेवायला ऐसपैस पण डिक्की २५७ लिटरची, दोन मोठ्या बॅगात भरते. डिझेलला ३०० न्यूटन मीटर, या वर्गात दणदणीत. एप्रिल २०२४ मध्ये हीच गाडी थ्रीएक्सओ झाली, नाव नवं, चेहरा नवा, पण हाडं तीच. म्हणजे एका कंपनीने नाव बदललं आणि सांगाडा ठेवला, दुसरीने नाव ठेवून आतलं घर बदललं, आणि मारुतीने फेसलिफ्ट म्हणत इंजिन बदललं. त्यामुळे "नवीन मॉडेल आहे" हे वाक्य ऐकलं की लगेच विचारायचं, नवीन काय आहे.

स्टार कसे वाचायचे

गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपमध्ये विटारा ब्रेझाला २०१८ मध्ये मोठ्या माणसांसाठी ४ स्टार आणि मुलांसाठी २ स्टार मिळाले. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ५ मिळाले, भारतीय गाडीला मिळालेले ते पहिले ५ स्टार. एक्सयूव्ही ३०० ला २०२० मध्ये ५. पण जुलै २०२२ पासून नियम कडक झाले, बाजूने होणारी धडक आणि स्थिरता सांभाळणारी ईएससी यंत्रणा यांचाही हिशोब धरायला लागले, त्यामुळे २०१८ चे ५ आणि २०२४ चे ५ यांची तुलना सरळ होत नाही. नेक्सॉनने फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या नियमांतही ५ मिळवले, थ्रीएक्सओला भारत एनकॅपमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या तशाच चाचणीत, ५ आहेत. स्टारसोबत टेस्टचं साल आणि टेस्ट झालेल्या गाडीतल्या एअरबॅगची संख्या वाचायचीच, आणि मुलांचे स्टार वेगळे वाचायचे. घरात लहान मूल असेल तर ते आधी वाचायचे.

घाट, काळी माती, सुरतचा रस्ता

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या चौकातून चौकात घेतली तर काहीच कळत नाही. पाच माणसं बसवून, एसी पूर्ण चालू ठेवून चाळीसगावचा कन्नड घाट, तोरणमाळचा चढ किंवा सुरतला जाताना लागणारा कोंडाईबारी घाट, यातलं जे जवळ असेल तिथे ट्रकच्या मागे लागून वेग तुटला की पुन्हा उचलून बघायचं, डिझेल आणि बिनटर्बो पेट्रोल यांतला फरक तिथे दोन मिनिटांत समजतो. धुळे-नंदुरबारकडच्या पुष्कळ घरांची सोयरीक सुरत-उधन्याला, दिवाळीला आणि लग्नसराईत गाडी भरूनच निघते, तेव्हा एकट्याने चालवून घेतलेला ॲव्हरेज कामाचा नाही.

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची उंची, ब्रेझाला १९८ मिलिमीटर आणि नेक्सॉनला पहिल्यापासून २०० च्या वर आहे, गावाकडच्या स्पीडब्रेकरला दोन्ही पुरतात. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर मात्र क्लिअरन्स एकटा कामी येत नाही, काळी माती टायरच्या खाचांत भरली की चाक नुसतं फिरतं, आणि या तिन्ही गाड्यांची ओढ पुढच्या चाकांना आहे. ज्याला रोज मळ्यात जायचं आहे त्याने बोलेरोसारखी मागच्या चाकांना ओढ असलेली, चेसिसवाली गाडी बघावी. चेहऱ्यावर एसयूव्ही लिहिलं म्हणून छोट्या फॅमिली गाडीकडून मळ्याचं काम करून घेणं तिच्या क्लचवर अन्याय आहे.

वापरलेली गाडी घेताना

२०१६ ते २०२० मधली ब्रेझा डिझेल अजून शोधून घेतली जाते. तिच्यात क्लच, टर्बोची शिट्टी, इंजेक्टर आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी बघाव्यात, मीटरवरच्या किलोमीटरवर भरवसा ठेवू नये, सर्व्हिस सेंटरमधून नंबरवर हिस्ट्री काढून घ्यावी. दिल्ली परिसरात १० वर्षांच्या वरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. भाव बघून मोह होतो, पण एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र), महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि इथलं पासिंग धरून एमएच १९ (जळगाव), १८ (धुळे) किंवा ३९ (नंदुरबार) चा नंबर लागेपर्यंत एकूण किती पडतं ते आधी कागदावर लिहावं आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

पेट्रोलमध्ये एप्रिल २०२३ ही तारीख लक्षात ठेवावी, त्यानंतर बनलेल्या गाड्या २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल धरून बनवल्या आहेत, आधीच्या गाड्यांत रबराचे पाइप आणि सील तपासून घ्यावेत, आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यामुळे ॲव्हरेज थोडा उतरतो हेही धरून चालावं. बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला सलग चालावी लागते. रोज घर ते दुकान दोन-तीन किलोमीटरच चालणार असेल तर नवी डिझेल कितीही आवडली तरी घेऊ नये, आणि अशीच गावात वापरलेली डिझेल सेकंडहँड मिळत असेल तर फिल्टरची वॉर्निंग कधी आली होती का हे मालकाला विचारून, स्कॅनर लावून बघून मगच टोकन द्यावं.